मुदत ३० दिवसांची

महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ साली कायदा झाला. त्याच्या कलम ९ मध्ये बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा ठळक अन्यायांच्या रांगेत आणखी एक अन्याय नोंदलेला आहे: पदोन्नतीनं जागा भरताना व्यवस्थापनानं एखाद्याला डावलणं. ज्याला डावललं, त्यानं ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडं अपील करायचं. ज्याची नोकरी शाबूत आहे, पगार सुरू आहे, ज्याच्या घरात वरवर काहीच बिघडलेलं दिसत नाही, त्याच्याही दुखण्याची कायद्यानं दखल घेतली, याचं मला फार मोल वाटतं. कारण गावात या दुखण्याला कोणी दुखणं मानत नाही. "नोकरी तर आहे ना?" एवढ्यावर विषय मिटतो.

माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या, बाबतीत तो मिटला नाही. ती एका अनुदानित माध्यमिक शाळेत १९९९ पासून सहायक शिक्षिका आहे. मराठी, संस्कृत आणि गरज पडेल तेव्हा इतिहास. मेअखेरीस मुख्याध्यापक निवृत्त झाले. सेवाज्येष्ठता यादीत पुढचं नाव तिचं होतं. आदेश निघाला तो तिच्या मागून चार वर्षांनी रुजू झालेल्या सहकाऱ्याच्या नावानं. शाळेचं नाव मी इथं देत नाही.

ताई हसनाबादला राहते आणि आमचे मामाही हसनाबादलाच. मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आस्थापना शाखेत दुसऱ्यांच्या पदोन्नतीचे प्रस्ताव तयार करण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. या प्रकरणावर दोघांचं अजिबात पटेना. कोणालाही वाटेल, डावललेली बाई पेटली असेल आणि म्हातारं माणूस तिला शांत करत असेल. झालं उलटं. सोडून देऊ म्हणत होती ती ताई, आणि लढ म्हणत होते ते मामा. मी दोघांच्या मध्ये बसून ऐकत होते.

ताई : मामा, मला तो विषय नको. शाळा उघडली, पुस्तकं वाटायची आहेत, दहावीचे जादा तास लावायचेत. त्यांना जे करायचं ते त्यांनी केलं. मी माझं काम करते.

मामा : काम तर तू सत्तावीस वर्षं करतेच आहेस. आदेशाची तारीख कोणती?

ताई : २ जून.

मामा : म्हणजे जुलै लागला की संपलं. आज तू नको म्हणतेस, ते तू ठरवलं म्हणून. त्यानंतर ठरवायला काही उरणारच नाही.

ताई : उशीर माफ होतो म्हणतात.

मामा : होतो, कारण सबळ असेल तर. पण मग पहिला वाद उशिरावर. तुझं गाऱ्हाणं त्याच्या मागं उभं राहणार. आणि आधी एक सांग, तू खरंच डावलली गेलीस का? रागावू नको. निम्मे लोक इथंच चुकतात. वर्षं मोजतात, यादी बघत नाहीत.

ताई : बघितली. मी लागले तेव्हाच बी.ए., बी.एड. होते. तो २००३ ला आला, तोही बी.एड. होऊनच. दोघं एकाच प्रवर्गात. यादीवर दरवर्षी सगळ्यांच्या सह्या आहेत, त्याचीपण आहे.

मामा : गोपनीय अहवालात काही प्रतिकूल शेरा?

ताई : कधी लेखी आला नाही.

मामा : मग बोलू.

'खरंच डावलली गेलीस का' हा प्रश्न आधी विचारायचा मामांचा हट्ट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत मुख्याध्यापकाच्या निवडीला फार मोकळीक ठेवलेली नाही. पदवी, बी.एड. आणि किमान ५ वर्षांचा अनुभव ही पात्रता. पात्र असलेल्यांपैकी सर्वांत ज्येष्ठ आणि समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकाला ती जागा द्यायची. ज्येष्ठता कशी लावायची, हे नियमावलीच्या अनुसूची 'एफ'मध्ये दिलेलं आहे. नियम १२ म्हणतो की यादी शिक्षकांमध्ये फिरवा, सह्या घ्या, हरकती ऐका, आणि वाद उरलाच तर शिक्षणाधिकाऱ्यांकडं न्या. 'जास्त कर्तबगार कोण' हा वाद या जागेपुरता नियमानं बाहेरच ठेवलाय.

बँकेत, कंपनीत किंवा निवडीनं भरल्या जाणाऱ्या सरकारी पदांवर असं नसतं. तिथं डावललेल्या माणसानं निकष काय होते आणि आपण कुठं कमी पडलो हेच आधी विचारायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ च्या अजित सिंग प्रकरणात स्पष्ट केलं की पदोन्नतीसाठी विचार होणं हा राज्यघटनेच्या कलम १६ खालचा मूलभूत हक्क आहे, पदोन्नती मिळणं हा नाही. हा फरक पचायला जड आहे. पण तो ज्याला नीट कळला, तो भलत्या दारावर डोकं आपटत बसत नाही.

मामा : तुझ्याकडं नकारपत्र मागितलं होतं ना?

ताई : एप्रिलमध्ये. 'मॅडम, जालन्याच्या मीटिंगा, संचमान्यता, पोषण आहाराचे हिशेब, कशाला डोक्याला ताप? दोन ओळी लिहून द्या, हक्क सोडला म्हणून.' मी नाही दिल्या.

मामा : कामून नाही दिल्या? तुला तर विषयच नको होता.

ताई : कारण ते खरं नव्हतं. मला ती जागा नको, असं मी का लिहू?

मामा : अपील म्हणजे तरी दुसरं काय आहे? एप्रिलमध्ये जे लिहून दिलं नाहीस, तेच आता तोंडानं म्हणायलीस. संस्थेला तुझ्या सहीची गरजच पडली नाही.

यावर ताई बराच वेळ बोलली नाही. ज्येष्ठ शिक्षकाला हक्क सोडता येतो, पण तो स्वेच्छेनं आणि लेखी. आज सोडला म्हणून पुढच्या रिक्त जागेवरचा दावा जात नाही, अशीही नियमात सोय आहे. ताईला त्या सोयीचा उपयोग नव्हता, आणि हे तिनं मामांच्या आधी हिशेब करून ठेवलं होतं.

ताई : तो माझ्यापेक्षा लहान आहे. मी ५८ ची होईन, निवृत्त होईन, तेव्हाही तोच असेल. माझ्यासाठी ही जागा परत रिकामी होणारच नाही. म्हणून तर म्हणते, मन लवकर वळवलेलं बरं. सहा-सात वर्षं राहिलीत. ती तारखा मोजण्यात घालवू?

मामा : जागा परत रिकामी होणार असती तर मीच म्हटलो असतो, थांब. ती होणार नाही म्हणून तर आत्ता बोल. आणि पैशाचंही बोलू, त्यात लाजायचं काही नाही. तू १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, तुला जुनी पेन्शन. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. वेतननिश्चितीत जो काय फरक पडेल तो तू जिवंत असेतोवर दर महिन्याला पडणार.

ताई : वरिष्ठ श्रेणी मला बारा वर्षांनी मिळालीच आहे.

मामा : आणि चोवीस वर्षांची निवडश्रेणी? ती मिळते शंभरातल्या वीस जणांना. आमच्याकडंही तसंच, आश्वासित प्रगती योजना. आधी १२ आणि २४ वर्षांनी, २०१६ पासून १०, २०, ३०. पगार चढतो, टेबल तेच. सरकारला ठाऊक आहे की सगळ्यांना वर जागा नाही, म्हणून पगाराची सोय केली. चांगली योजना आहे. पण ज्याची जागा होती आणि दुसऱ्याला दिली, त्याच्यासाठी ती योजना नाही.

ताईनं इथं आपला हुकमी पुरावा काढला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हा तिचा जिव्हाळ्याचा विषय आहे आणि तिच्या वर्गातून गेलेल्या कुठल्याही मुलाला हे नाव ठाऊक असतं.

ताई : १८६८ च्या सुमारास एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक बुलर शिक्षण निरीक्षक झाले तेव्हा तिथं संस्कृतच्या प्राध्यापकाचं काम हंगामी म्हणून भांडारकरांनी पाहिलं. शाळाशाळांमधून त्यांचीच संस्कृतची पुस्तकं चालत होती. आणि जागा कायम भरायची वेळ आली तेव्हा १८७३ मध्ये विलायतेहून पीटर पीटरसन आले. भांडारकर झाले दुय्यम. ज्या वर्गाचे ते प्राध्यापक होते त्याच वर्गाचे दुय्यम! पुढची आठ-नऊ वर्षं तसंच. त्या वर्षांत काय केलं त्यांनी? १८७४ ला लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांवर निबंध. १८७६ ला 'मालतीमाधवा'ची आवृत्ती. १८७७ ला विल्सन व्याख्यानं, संस्कृत आणि तिच्यातून निघालेल्या भाषांवर. मग हस्तलिखितांचा शोध. १८८२ ला डेक्कन कॉलेजात कीलहॉर्नच्या जागी प्राध्यापक. १८८४ ला दख्खनचा प्राचीन इतिहास, ज्यात आपल्या पैठणचे सातवाहन आहेत. १८९३ ला मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. डावललेल्या माणसानं वर्षं कुठं घालायची, ते मी यातून शिकले.

मामा : त्यांना अपील करायला न्यायाधिकरण होतं?

ताई : नव्हतं.

मामा : मग ज्याच्याकडं वाट नव्हती, त्याचं उदाहरण वाट असलेल्या माणसाला कामून देतेस? गोऱ्याला वर घ्यायचा म्हणजे घ्यायचा, असा तो काळ. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं लोकांनी कायदे करून घेतले ते कशासाठी? आणि दुसरं. भांडारकर भांडारकर होते म्हणून आपल्याला त्यांचं नाव माहीत आहे. त्याच काळात आणखी किती मास्तर दुय्यमचे दुय्यम राहिले असतील, त्यांची नावं सांग.

ताई : नाही सांगता येणार.

मामा : तेच म्हणतो मी.

ताई : पण मी विद्वत्तेची बरोबरी सांगत नाही, मामा. मी सांगते की पीटरसन आले म्हणून त्यांनी संस्कृत सोडलं नाही. उलट पुढं दोघांनीही मुंबई इलाख्यातल्या हस्तलिखितांचा शोध घेतला, दोघांचे अहवाल आजही अभ्यासक उघडतात. ज्याला आपल्या जागी बसवलं त्याच्याच सोबतीनं त्याच विषयात काम. हे मला अपिलापेक्षा अवघड वाटतं.

मामा : अवघड आहेच. पण शिलालेख वाचायला भांडारकरांना पीटरसनची सही लागत नव्हती. तुझ्या कामाला लागते.

मामांचं हे उत्तर मला बिनतोड वाटलं. पदाशिवाय करता येणारं काम असेल तर पद गेल्याचं दुःख कामात जिरवता येतं. संशोधक, लेखक, गायक यांचं बरंचसं काम असं असतं. पण शाळेचं वेळापत्रक, ग्रंथालयाची किल्ली, अनुदानातले चार पैसे कशावर खर्च करायचे हा निर्णय, या गोष्टी खुर्चीशी बांधलेल्या आहेत. 'काम करत राहा' हा सल्ला देणारे ही गाठ बघतच नाहीत. म्हणून मी ताईला विचारलं की तुला मुख्याध्यापक होऊन करायचं काय होतं?

ताई : वेळापत्रक बदलायचं होतं. आपल्या पट्ट्यात दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली की नववी-दहावीच्या मुली पटावर असतात, वर्गात नसतात. परत येतात तेव्हा गणित तीन प्रकरणं पुढं गेलेलं. मग त्या मागं बसायला लागतात, मग बोलायच्या बंद होतात, आणि दहावी झाली की घरचे म्हणतात, हिला काय जमत नाही, लग्न करून टाकू. वेचणीच्या दिवसांत गणित आणि इंग्रजी सकाळी लवकर ठेवायचं, आणि परत आलेल्यांसाठी जानेवारीत वेगळी तुकडी लावायची. एवढंच. याला सरकारी मंजुरी लागत नाही, मुख्याध्यापकाची इच्छा लागते.

मामा : बघ! मग हे तुझ्या मानापानाचं राहिलंच नाही. तू त्या मुलींसाठी...

ताई : नाही मामा. माझ्या हक्काला मुलींचं नाव लावू नका. मला मानही पाहिजे होता. २६ जानेवारीला झेंडावंदनाला मुख्याध्यापक म्हणून उभं राहायचं होतं. आईला बोलवायचं होतं. सत्तावीस वर्षांनी एवढं वाटलं तर ते चुकीचं आहे का?

मामांनी मान हलवली, आणि त्यानंतर त्यांचा आवाज बदलला. मला वाटतं, खरं बोलणं इथून सुरू झालं. स्वतःचा मान हवा असणं कबूल करायला आपल्याकडं माणसं फार बिचकतात. मग ती तत्त्वाचं, समाजाचं, विद्यार्थ्यांचं नाव घेतात, आणि मूळ इच्छा आत कुजत राहते.

मामा : माझं तुला कधी सांगितलं नाही. मी नायब तहसीलदार व्हायला पाहिजे होतो. माझ्या मागचे दोघं झाले. मी साहेबाला विचारलं नाही, कागद मागितला नाही. सगळ्यांना म्हटलो, जाऊ दे, आपल्याला काय करायचं. लोक म्हणाले, किती शांत माणूस! मी कसला शांत? रोज रात्री तेच उगाळायचो. तुझी मामी ऐकून ऐकून थकली. पोरगं पंचाण्णव मार्क घेऊन आलं तर मी म्हटलं, मार्कांनी काही होत नसतं या देशात. अकरा वर्षांच्या पोराला! पुढं निवृत्तीच्या तोंडावर कळलं, एका वर्षीच्या गोपनीय अहवालात माझी प्रतवारी एक पायरी खाली लावलेली. ती मला कोणी दाखवलीच नव्हती. लेखी विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

याच प्रश्नावर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सीमा रस्ते खात्यातल्या देव दत्त नावाच्या अभियंत्याला पदोन्नती नाकारली गेली, कारण एका वर्षीचा शेरा 'चांगला' होता आणि निकष 'अतिशय चांगला' असा होता. 'चांगला' हा प्रतिकूल शेरा नाही, म्हणून तो कळवलाच नव्हता. न्यायालयानं सांगितलं की शेरा कोणताही असो, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला आपलं म्हणणं मांडता येईल. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठानं हेच कायम केलं. निकाल तांत्रिक वाटतो, पण त्यामागं माणसाची फार जुनी गरज आहे. थिबो आणि वॉकर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७५ मध्ये दाखवलं होतं की निकाल विरुद्ध गेला तरी माणसं तो बऱ्याच अंशी मान्य करतात, जर आपलं ऐकून घेतलं गेलं आणि रीत सरळ होती असं त्यांना वाटलं तर. डावललेल्याला सगळ्यात जास्त छळतो तो न सांगितलेला हेतू. कारण मिळालं की त्याच्याशी भांडता येतं, कारण पटलं तर त्यावर काम करता येतं. कारणच नसेल तर माणूस रात्री स्वतःच कारणं रचत बसतो.

ताई : तुमचं ऐकून मला वाईट वाटतंय. पण मी दुसरं टोक पाहिलंय. आमच्याकडं एक सर होते. लढले, जिंकले. निवृत्तीनंतर पदोन्नतीचा मानीव दिनांक मिळाला, पगारातला फरकही मिळाला. पण त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या हातात कायम कागदांची पिशवी. मधल्या सुट्टीत तेच, एसटीत तेच. पोरं त्यांना 'केसवाले सर' म्हणायची. पहिल्या वर्षांत ते फार सुंदर कविता शिकवायचे, मामा. नंतर धडा उघडायचे आणि सांगायचे, तुम्ही वाचा. न्यायालयानं त्यांना पद दिलं. ती वर्षं कोण देणार?

मामा : कायद्यात तर लिहिलंय की न्यायाधिकरणानं शक्यतो तीन महिन्यांत निकाल लावावा.

ताई : आणि लागतो?

मामा : नाही लागत.

दोघांची भीती खरी आहे. मामा गप्प राहिले आणि घरच्यांनी ते सोसलं. ते सर बोलले आणि वर्गानं सोसलं. मला मात्र मामांचा पहिला मुद्दा अजूनही दुय्यम वाटत नाही. दाद मागण्याची मुदत ३० दिवसांची आहे आणि मन शांत करण्याला कसलीच मुदत नाही, म्हणून आधी काय करायचं हे उघड आहे. फक्त दाद मागताना तिला दिवसाचे किती तास द्यायचे, हे त्या सरांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

मामांनी कागद पुढं ओढला आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. पहिल्याच परिच्छेदात नव्या मुख्याध्यापकांचा उद्धार होता: संस्थेच्या पुढंपुढं करणारा, अनुभवानं कच्चा, वगैरे.

ताई : हे नाही लिहायचं.

मामा : खोटं आहे का?

ताई : खोटं आहे. तो गणित चांगलं शिकवतो, पोरांवर हात उगारत नाही. जनरल अरुणकुमार वैद्य आठवतात? १९८३ ला ते लष्करप्रमुख झाले ते लेफ्टनंट जनरल सिन्हांची ज्येष्ठता डावलून. सिन्हांनी राजीनामा दिला. म्हणून वैद्य नालायक ठरले का? १९६५ आणि १९७१, दोन युद्धांत दोन महावीरचक्रं होती त्यांच्याकडं. ज्याला बसवलं तो वाईटच असेल असं नसतं. ज्यानं बसवलं त्याला विचारायचं.

मामा : सिन्हांना राजीनामा परवडला. पुढं राज्यपालही झाले. तुला परवडत नाही.

ताई : मी कुठं राजीनामा देते? मी म्हणते, माझ्या अर्जात त्याच्याबद्दल एक ओळही वाईट नको. यादी, माझ्या रुजू होण्याची तारीख, त्याची तारीख, नकारपत्र मी दिलेलं नाही ही गोष्ट, आणि आदेश. बाकी काही नको.

मामा : हे वकिलालाही आवडेल. बरं, दोन कागद करू. एक आजच शिक्षणाधिकारी, माध्यमिक, जालना यांच्या नावानं. संस्थेचा प्रस्ताव मान्यतेला गेला असेल, त्याच्या आधी तुझी हरकत तिथं पोचली पाहिजे. पोच घे, आवक क्रमांक टाकून घे. दुसरा, अपिलाची तयारी, संभाजीनगरला.

ताई : संस्थेचा ठराव माझ्याकडं नाही. माहिती अधिकारात मागवते आधी.

मामा : माग, पण त्याच्यासाठी थांबू नको. माहिती द्यायला त्यांना ३० दिवस, आणि तुझी मुदतही ३० दिवस. लोक इथं हमखास फसतात. माहितीची वाट बघत बसतात, आणि ठराव हातात पडतो तेव्हा मुदत गेलेली असते. आहे त्या कागदावर अपील घाल, ठराव मागून जोड.

ताई : ठीक. पण माझ्या अटी ऐका. वकिलाशी मी रविवारीच बोलणार. फाइल तुमच्या घरी राहील, माझ्या घरी नाही, शाळेत तर नाहीच. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं तर एकच वाक्य, 'अपील केलंय, निकाल येईल तेव्हा सांगते.' आणि तुम्ही मला रोज फोन करून 'काय झालं' म्हणून विचारायचं नाही.

मामा : रोज नाही विचारणार. तारीख जवळ आली की विचारीन.

ताई : आणि जानेवारीच्या तुकडीचं मी त्याच्याशी बोलणार आहे. या आठवड्यातच.

मामा : अपील घालायच्या आधी? त्याला वाटेल तू नमलीस.

ताई : वाटू दे. गणिताचा माणूस आहे, मुली मागं का पडतात हे त्याला माझ्याइतकंच दिसतं. तो हो म्हणाला तर यंदाच होईल. नाही म्हणाला तर पुढच्या वर्षी परत विचारीन.

मामा : आणि तू जिंकलीस, त्याला खाली यावं लागलं, तर?

ताई : तर तो परत गणित शिकवेल आणि मला त्याची गरज लागेल. म्हणूनच अर्जात ती ओळ नको म्हटलं.

मामांनी पहिला परिच्छेद खोडला. पुढचा मजकूर सांगताना त्यांचा कारकुनी हात इतका सरावलेला होता की 'मा. महोदय'पासून 'आपली विश्वासू'पर्यंत ताईला फक्त तारखा सांगाव्या लागल्या. सहपत्रांच्या यादीशी ते थांबले.

मामा : तारीख लागली की संभाजीनगरला दिवस मोडणार. त्या दिवशी तुझा दहावीचा तास कोण घेईल?

ताई : त्यालाच सांगणार. वेळापत्रक आता त्याच्याकडं आहे.